एका हाकेला दोन शंकर

"वंदना रमेश दुसाने, या पाच रेघा तुमच्याकडे छापून मिळतील का?"

सुभेदार गांगुर्डे पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते असं विचारतच. नाशिकरोडला स्टेशनकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे फॉर्म, कधी एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, अशी कामं यायची. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'वंदना डीटीपी' लिहिलेलं होतं. रमेश आणि दुसाने हे त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारून आणलं होतं. आत यायच्या आधी पाच मिनिटं ते त्याच्याकडे उभे होते, असं मला नंतर कळलं.

कुणालाही अर्ध्या नावाने हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम होता. चहावाल्याला ते "संपत दगू पगारे, दोन चहा" असं सांगायचे. संपत पहिल्यांदा घाबरलाच. कोर्टातून समन्स आल्यासारखं वाटतं, म्हणाला. माणूस नवीन भेटला की सुभेदारकाका आधी त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव आणि शेवटी गाव विचारायचे. चारही मिळाल्याशिवाय बोलणं पुढे जात नसे. मला वाटायचं, मिलिटरीची सवय असेल.

दुसरी एक सवय मात्र मिलिटरीची वाटत नव्हती. दुकानात टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या आणि दोन्ही बहुतेक वेळा रिकाम्याच असायच्या. तरी ते उभे राहून विचारायचे, "इथे कुणी बसलंय का?" मी नाही म्हटलं की मगच बसायचे. पुढे आठवड्यातून तीनदा यायला लागले, तरी प्रत्येक वेळी हा प्रश्न असायचाच. एकदा मी थट्टेत म्हटलं, "काका, कोण बसणार? तुम्हीच तर असता." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "विचारलेलं बरं."

मूळचे ते सायखेड्याचे. फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा धाकटा भाऊ, वाजवत वाजवत हवालदार झाले, मग सुभेदार, आणि निवृत्तीनंतर देवळाली कॅम्पात दोन खोल्या घेऊन राहिले. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. पुढचे दात पडल्यावर कॉर्नेट सुटला. "ओठ गेले, कान आहेत," असं ते स्वतःच सांगायचे. ते कान भयंकर होते. माझ्या पंख्याचा आवाज जुन्या प्रिंटरच्या आवाजाशी जुळत नाही म्हणून एक बंद करा, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं. एकदा रस्त्यावरून लग्नाची वरात चालली होती. बँडवाल्यांपैकी एकाचा ट्रंपेट सारखा घसरत होता. काका उठले, वरातीत शिरले आणि त्या माणसाच्या वाद्यातली नळी बोटभर बाहेर ओढून परत आले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, भांडण झालं. ट्रंपेट मात्र सुरात आला.

त्यांच्या पिशवीत पाच वह्या होत्या. आत पाच-पाच रेघा आखून शाईने लिहिलेले सूर. बँडसाठी त्यांनी स्वतः रचलेली संथ चालीची एक धून होती ती, बारा माणसांनी वाजवायची. कागद पिवळा पडून कडांना तुटायला लागला होता. त्यांना ती नीट छापून हवी होती.

"कोण वाजवणार?" मी विचारलं.

"ते नंतर. आधी कागदावर सगळे एका जागी यायला हवेत."

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर असलं संगीत छापणारं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. त्यात माउसने सूर काढत बसायचं नसे, सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. एका माणसाचे सगळे सूर एका नावाखाली लिहून ठेवायचे. शेवटी पान मांडताना ते नाव, पुढे एक तिरकी रेघ देऊन, हाक मारल्यासारखं लिहायचं. हाक मारली की त्या नावाखालचं सगळं येऊन आपल्या ओळीत बसायचं. मग मशीन सुंदर पाच रेघा काढून द्यायचं, आणि हवं तर स्पीकरवर ऐकवायचंही.

मी नावं ठेवायला सुरुवात केली ती वाद्यांवरून. काकांनी लगेच थांबवलं.

"हा कॉर्नेट नाही, वंदना रमेश दुसाने. हा माणूस आहे. बघा."

वहीत खरोखरच प्रत्येक ओळीवर वाद्याचं नाव नव्हतं, माणसाचं होतं. धून रचली तेव्हा बँडमध्ये जे होते त्यांच्यासाठीच ती लिहिलेली होती. कुणाचा दम किती पुरतो, कुणाचं बोट कुठे अडतं, हे धरून. "हा वरचा सूर इथे मी दिलाच नाही, कारण मोहनचा ओठ हिवाळ्यात फाटायचा," असं ते सांगायचे. पलटणीत आडनावाने हाक मारतात, पण बँडमध्ये सगळे पहिल्या नावाने ओळखले जात. वहीतही तसंच होतं. तेव्हा काका स्वतः अर्ध्या नावाने हाक मारत असत तर, एवढं माझ्या लक्षात आलं. पण मी काही विचारलं नाही.

आमचं काम दुपारी चालायचं. ते बोलायचे, मी टाइप करायची. लोडशेडिंगमुळे रोज तीन तास वीज नसायची. त्या वेळात ते माणसांबद्दल सांगायचे. झारखंडकडचा मार्क तिर्की ढोल वाजवायचा आणि तालमीत डुलक्या घ्यायचा, पण त्याचा ठोका कधी चुकला नाही.

पहिला घोटाळा या मार्कनेच केला. त्याची ओळ टाइप केली, सगळं बरोबर होतं, आणि पान मांडताना त्याला हाक मारली की मशीन अडायचं. चूक दाखवायचं ती भलत्याच ओळीवर. दोन दिवस मी ती ओळ पुन्हा पुन्हा तपासली. शेवटी सायबर कॅफेत जाऊन नेटवर प्रश्न टाकला. आठवड्याने कुणीतरी उत्तर दिलं की 'मार्क' हा शब्द सॉफ्टवेअरने स्वतःसाठी राखून ठेवलाय. तालमीसाठी पानावर खूण करायची असते, त्या खुणेचा तो हुकूम आहे. त्यामुळे माणूस म्हणून मार्कला हाक मारली की मशीनला वाटायचं, खूण करायला सांगतायत, आणि ते खूण कुठली म्हणून विचारत बसायचं.

काका पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "तालमीत झोपणाऱ्याचं नाव तालमीच्या खुणेला! त्याला सांगायला हवं." पण तिर्की गेल्याला बरीच वर्षं झाली होती. त्याला आम्ही आडनावाने लिहिलं आणि काम पुढे सरकलं.

चार महिन्यांनी बारा जण टाइप झाले. फाइल इतकी लांब झाली होती की वरून खाली जायला मिनिटभर लागायचं. मार्चमधली दुपार होती. मी मशीनला सगळं एकत्र मांडायला सांगितलं. एकही चूक दाखवली नाही. स्पीकर लावले आणि धून सुरू केली.

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. संगीत ऐकताना ते घड्याळ काढून ठेवायचे. डोळे मिटून बसले. स्पीकरमधून येणारा तो आवाज खेळण्यातल्या बाजासारखा होता, पण चाल कळत होती. संथ, पावलं ओढत चालल्यासारखी. मला वाटलं, त्यांना बरं वाटत असेल.

अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे उघडले.

"शंकर कुठे गेला?"

"कोण?"

"शंकर. खालच्या सुरातला. तो वाजवत नाहीये."

मी धून थांबवली, पान काढून दाखवलं. सगळ्या ओळी भरलेल्या होत्या, बारा माणसं, बारा ओळी. त्यांनी चौथ्या आणि पाचव्या ओळीवर बोट फिरवलं.

"ही ओळ आणि ही ओळ एकच आहे. हा शंकर आहे. हा पण तोच शंकर आहे. तो दुसरा नाही."

त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मी म्हटलं, काका, टायपिंगची चूक असेल, उद्यापर्यंत शोधते. ते उठले. घड्याळ टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. फाइल अर्धी बंद करून पाहिली, मग अर्ध्याची अर्धी. जेवायच्या वेळेपर्यंत सापडलं. हरवलेली ओळ कुठेही गेलेली नव्हती. पहिल्या महिन्यात टाइप केलेली, फाइलीत पार वर, अक्षर न अक्षर शाबूत होती. तिचं नाव मी 'शंकर' ठेवलं होतं. आणि तीन महिन्यांनी, दुसऱ्या वहीतून दुसऱ्या माणसाची ओळ घेताना काकांनी पुन्हा 'शंकर' सांगितलं आणि मी पुन्हा 'शंकर' लिहिलं. तोवर पहिला माझ्या ध्यानातही नव्हता.

काका दुपारी आले. खुर्चीजवळ उभे राहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मग बसले. मी त्यांना पडद्यावर दोन्ही जागा दाखवल्या.

"एका नावाचे दोघे झालेत, काका. असं झालं की मशीन नंतरच्याला धरतं. आधीचा तिथेच असतो, पुसला जात नाही. पण हाक मारली की दोन्ही वेळा नंतरचाच येतो."

"आणि मशीन विचारत नाही? कुठला शंकर म्हणून?"

"नाही. त्याला ती चूकच वाटत नाही."

बाहेर संपत कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता.

"मीसुद्धा विचारलं नव्हतं," ते म्हणाले. घड्याळ उचललं, मनगटावर बांधलं आणि निघून गेले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस ते आले नाहीत. त्यांच्याकडे फोन नव्हता. शेवटी एका रविवारी मी बसने देवळाली कॅम्पात गेले. बाजाराच्या मागे त्यांची खोली शोधून काढली. खोली इतकी नीटनेटकी की कुणी राहतं असं वाटू नये. त्यांनी स्वतः चहा केला आणि मी न विचारताच सांगायला लागले.

बँडमध्ये दोन शंकर होते. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले, दोघेही कॉर्नेटवाले. शंकर विठ्ठल नागपुरे येवल्याचा, वरच्या सुरात वाजवायचा. शंकर काळू भोये पेठच्या बाजूचा, डोंगरातल्या पाड्यावरचा, तो खालच्या सुरात. काका तेव्हा हवालदार होते. एका हिवाळ्यात पहाडातल्या एका ठाण्यावर वाजवायला जायचं होतं. दोन गाड्या होत्या. पुढच्या गाडीत वाद्यं, आणि वाद्यांबरोबर पाळीपाळीने एक माणूस. त्या दिवशी पाळी नागपुरेची होती.

"मी हाक मारली, 'शंकर, पुढच्या गाडीत बस.' एवढंच. आणि भोये चढला. मी बघितलं तो चढला ते. त्याची पाळी आदल्या दिवशी झाली होती, हेही मला ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे, कुणीतरी बसलंय ना."

दोन वळणांनंतर दरड आली. पुढची गाडी दरीत गेली. ड्रायव्हर आणि शंकर भोये.

"दुसऱ्या दिवशी घरी तार गेली. मजकूर मी लिहिला होता."

आम्ही दोघं चहा घेत बसलो. मी कामाचंच बोलले. म्हटलं, काका, नाव बदलणं सोपं आहे. एकाला नागपुरे करू, एकाला भोये. ते मानेनेच नाही म्हणाले.

"भोये म्हणून त्याला बँडमध्ये कुणी कधी हाकच मारली नाही. त्या नावाला तो 'ओ' देणार नाही. शंकर म्हटलं की उठायचा."

"मग नंबर देऊ? एक आणि दोन? आकडे चालत नाहीत त्यात, पण अक्षरांत लिहिता येईल."

"नंबर पलटणीने दिला होता. तारेवर तोच होता." ते थांबले. "शंकर हे नाव त्यालाच राहायला हवं. पण मग नागपुरेचं काढावं लागेल. तो जिवंत आहे, वंदना रमेश दुसाने. जिवंत माणसाचं नाव काढून घ्यायचं, तर त्याला विचारायला नको?"

"तो आहे कुठे?"

"येवल्यात असेल. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. निवृत्तीनंतर एकदाही नाही."

पुढच्या आठवड्यात मी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही एसटीने येवल्याला गेलो. दोन्ही बाजूंना कांदा काढून ठेवलेला होता आणि सगळ्या बसमध्ये त्याचा वास होता.

नागपुरे मागावर बसलेले होते. फौजेतून परत आल्यावर त्यांनी वडिलांचाच धंदा धरला होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून, समोर जांभळ्या रेशमाचा ताणा आणि पदरावर अर्धा झालेला मोर. त्यांनी वर पाहिलं. क्षणभर ओळख पटली नाही, आणि मग ते इतक्या घाईने उठले की गुडघा लाकडावर आपटला.

"हवालदारसाहेब!"

काका सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, पण त्यांनी दुरुस्ती केली नाही. "शंकर विठ्ठल नागपुरे," ते म्हणाले, "मला तुझं नाव मागायचंय."

नागपुऱ्यांच्या बायकोने पोहे दिले. काकांनी ताटलीला हात न लावता सगळं सांगितलं. वह्या, मशीन, दोन ओळी. मग ती हाक. पाळी कुणाची होती ते. "कुठला शंकर ते मी बोललो नाही. तुझ्या जागी तो गेला. मी बघितलं आणि गप्प बसलो."

नागपुरे खाली बघत होते. बोटांना लागलेला रेशमाचा धागा सोडवत होते, सुटलेला धागा पुन्हा गुंडाळत होते.

"साहेब, मला ऐकू आलं व्हतं."

"काय?"

"हाक. माझी पाळी हाय, ह्ये बी ठाऊक व्हतं. मागच्या गाडीत ऊन येत व्हतं अन् थंडी लय व्हती. मी त्याला म्हनलं, शंक्या, साहेब तुला बोलावतायत, जा. त्यो कुनाला नाय म्हनला नाय कधी. हसला अन् गेला."

बायको दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

काका एकदम उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "तीस वर्षं! तीस वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस?"

"तुमी तरी कुठं सांगितलं, साहेब?"

काका चपला न घालताच बाहेर पडले. मला वाटलं, ते असेच स्टँडवर जातील. मी उठणार, तर नागपुरे म्हणाले, "राहू द्या बाई. येतील." त्यांना ते कसं कळलं, माहीत नाही. पाऊण तासाने काका खरंच परत आले. पाय धुळीने भरलेले. दारातून आत आले आणि जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "मग नावाचं काय?"

"द्या त्याला. माझं नागपुरे लिवा, नायतर काय बी लिवा." मग थोडं थांबून म्हणाले, "त्याच्या घरचं कुनी हाय का वो?"

"एक बहीण होती. पाड्याचं नाव मला माहीत आहे. मी कधी गेलो नाही."

"मंग जाऊ की."

नाव बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. नंतरच्या शंकरच्या ओळीवर आणि त्याच्या हाकेत 'शंकर'ची सात इंग्रजी अक्षरं खोडून 'नागपुरे'ची सात लिहिली. धून सुरू केली आणि त्या खेळण्यातल्या बाजाच्या आवाजातही मला पहिल्यांदा कळलं की दोन सूर शेजारी शेजारी चालतायत, एक थोडा खाली, दुसऱ्याला खांदा दिल्यासारखा. काका डोळे मिटून बसले होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "आला." मी जाड कागदावर तीन प्रती छापल्या.

पेठला गेलो ते पावसाळा संपल्यावर. त्या दिवसानंतर सुभेदारकाका मला भेटले नाहीत, हे इथेच सांगून टाकते. तिथून ते परस्पर सायखेड्याला पुतण्याकडे गेले, आजारी पडले आणि तिथेच वारले. मला ते महिन्याने कळलं, पुतण्याच्या पोस्टकार्डावरून. आता त्यांची आठवण येते ती त्या पाड्यावरची.

पेठपर्यंत बस, पुढे जीप. दोन्हीकडे उतारावर नागली पिकलेली. शंकर भोयेची बहीण सोनीबाई अंगणात भात वाळवत होती. केस पांढरे, हात अजून कणखर. तिघे परके लोक बघून तिने आधी खाट टाकली, मग पाणी आणलं, आणि मगच विचारलं, कोण म्हणून. काकांनी नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, गाव. मग म्हणाले, "मी तुमच्या भावाचा हवालदार."

ती सुपातलं भात हलवायची थांबली.

काकांनी तिलाही सगळं सांगितलं. हाक, पाळी, दरड. नागपुऱ्यांनी त्यांचं सांगितलं. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला वाचवत नव्हतं. तिला मराठी नीट कळत होतं, पण ती कुणाकडेच बघत नव्हती. वाळवणावर चिमण्या उतरत होत्या आणि ती हातानेच त्यांना उडवत होती. मला भीती वाटत होती की ती रडेल किंवा आम्हाला हाकलून देईल. दोन्ही झालं असतं तरी चाललं असतं.

शेवटी तिने विचारलं, "त्या दिसाला तो जेवला होता का?"

काकांना ते माहीत नव्हतं.

"जेवला व्हता," नागपुरे म्हणाले. "सकाळी पुऱ्या व्हत्या, बटाट्याची भाजी. माझ्यातल्या बी दोन खाल्ल्या त्यानं."

"दोन?"

"दोन. मी बोललो बी त्याला, तुझं पोट हाय का पखाल."

तिने मान हलवली. तेवढंच तिला हवं होतं की आणखी काही होतं, मला कळलं नाही. तिने माफ केलं असंही म्हणता येत नाही, कारण ती तसं काही म्हणाली नाही. आत जाऊन तिने चुलीवर चहा ठेवला, काळा, गुळाचा.

चहा झाल्यावर काकांनी पिशवीतून छापलेल्या प्रतीचं पहिलं पान काढलं. हात लुगड्याला पुसून तिने ते घेतलं, उलटं धरलं, मग काकांनी सरळ करून दिलं.

"यात तो कठं आहा?"

काकांनी तिचं बोट धरून पाचव्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. ओळीपुढे छापलेलं होतं, शंकर. मग त्यांनी खालच्या सुरात गुणगुणायला सुरुवात केली. दात नसल्यामुळे वारा सुटत होता, पण सूर पक्का होता. सूर पुढे जाईल तसं ते तिचं बोट पुढे नेत होते. दुसऱ्या पानाला नागपुऱ्यांनी वरचा सूर धरला. मी टाइप केलेलं, मशीनवर शंभरदा ऐकलेलं सगळं, पण मला बसवेना. मी उठून अंगणाच्या कडेला गेले.

परतीची शेवटची जीप चारला होती. मला निघणं भाग होतं. ते दोघे राहणार होते. सोनीबाईने सांगितलं होतं की रात्रीचं जेवण करूनच जायचं. मी निरोप घ्यायला गेले, तर काकांनी नुसता हात वर केला. धून मधेच सोडायची नव्हती.

जीप अंगणाच्या कडेलाच उभी होती, मी तिच्यात बसले. अंगण दिसत होतं, आवाजही येत होता. तेवढ्यात गुणगुणणं थांबलं. सोनीबाईचं बोट पाचव्या ओळीवर एका रिकाम्या जागेशी आलं होतं.

"हितं काही लिवलं नाही?" तिने विचारलं.

"इथे तो श्वास घेतो," काका म्हणाले. "चार मोजेपर्यंत."

तिने बोट कागदावरून उचललं आणि थांबली. काकाही थांबले. जीप निघाली, उताराला लागली, मी मागे वळून पाहिलं. चार मोजायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ झाला होता, आणि ती दोघं अजून तशीच थांबलेली होती.